परीक्षानळीचं बूच

संजीवनी म्हशीला रसायनशास्त्र शिकवत होती.

मी शेणाची पाटी घेऊन गोठ्याकडं गेले, तर आतून आवाज आला. खणखणीत आवाज. मला वाटलं, कुणी पाहुणी आली की काय; कारण आमच्या सुनेचा आवाज असा नव्हताच. लग्न होऊन आल्यापासून ती घरात बोलायची ती शेजारी तान्हं लेकरू निजलंय अशा बेतानं. मी मेढीच्या खांबाआड उभी राहिले.

"तर बानू, इथून हा क्लोरीन निघून गेला," ती म्हणत होती. "जाताना दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन गेला. आता मागं कार्बनवर काय राहिलं? धन भार. बरोबर?"

बानू रवंथ करत होती. तिनं शेपूट हलवली.

"शाबास," संजीवनी म्हणाली.

"तिला कळल्यावर दूध वाढंल का गं?" मी विचारलं.

ती अशी दचकली की हातातलं पुस्तक गव्हाणीत पडलं आणि बानूनं लगेच त्याला तोंड लावलं. आम्ही दोघींनी मिळून ते ओढून काढलं. एका पानाचा कोपरा गेला तो गेलाच.

"आत्या, मामांना सांगू नका," ती कुजबुजली. आवाज पुन्हा जागेवर, म्हणजे घशात खोल.

आता हे पुस्तक म्हशीपुढं का आलं, ते सांगते. संजीवनीच्या वडलांनी लग्नाच्या बोलणीत एकच गोष्ट मागितली होती: पोरीचं बीएस्सी पुरं करू द्या. माझ्या मालकांनी सगळ्या भावकीसमोर हो म्हटलं. माझा लेक विलास साखर कारखान्यात होता, हंगाम चालू असला की त्याचं तोंड दिसायचं नाही. पण त्याचंही म्हणणं तेच. पोरगी लेखी पेपरात पुढं असायची. घात व्हायचा तोंडी परीक्षेत. तिथं बाहेरगावचे कुणी सर यायचे, समोर बसवून प्रश्न विचारायचे, आणि हिची दातखीळ बसायची. येत नव्हतं असं नाही. येत असलेलं बाहेर पडत नव्हतं. मागच्या साली तसंच झालं, त्याच्या मागच्या साली तसंच.

मालकांनी शब्द मोडला नव्हता, पण शब्दाला कुंपण घातलं होतं. "औंदा शेवटचं," ते म्हणाले होते. "औंदा गेली, तर पुस्तकं माळ्यावर. रडायचं न्हाई, रुसायचं न्हाई."

"म्हशीला कशाला सांगतीस?" मी विचारलं.

"ती काही विचारत नाही."

"मग काय उपेग? परीक्षेला मास्तर विचारणारच की. मला सांग. मी विचारते."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला तेव्हा अक्षराची ओळख नव्हती. एसटीची पाटी मी रंगावरून ओळखायचे, आणि रंग बदलला की भलत्या गावाला जायचे. पण बानूपेक्षा मी बरी, एवढं तिनं मनाशी धरलं असावं.

*

स्वयंपाकघरात काठवटीत ज्वारीचं पीठ होतं. तिनं ते हातानं सपाट केलं आणि बोटानं एक चंद्रकोर काढली, तिला चार बाजूंना चार काड्या.

"हा सी. म्हणजे कार्बन. ह्याला चार हात."

मला अ, आ, इ, ई यायच्या आधी सी आला, तो असा.

"चारही हात कुणाच्या ना कुणाच्या हातात असले की हा शांत असतो," ती म्हणाली. तिनं एक काडी पुसली. "आता एक जण हात सोडून गेला. दोघांचं सामाईक जे होतं, तेही उचलून घेऊन गेला."

"म्हंजे वाटणी न करता गेला. आमच्या धाकट्या दिरावाणी."

"हो. मग हा राहिला उपाशी. ह्याच्यावर अधिकची खूण करतात."

"आता ह्यो जगतो का मरतो?"

"शेजारी कोण आहेत त्यावर आहे, आत्या. शेजारी नुसते हायड्रोजन असले, तर त्यांच्याकडं द्यायला काही नसतं. मग ह्याचं काही खरं नाही. शेजारी कार्बन असला तर तो आपल्या ताटातलं थोडं ह्याच्याकडं सरकवतो. एक शेजारी असला तर जरा बरं. दोन असले तर आणखी बरं. तिन्ही बाजूंना कार्बन असले तर हा चांगला टिकतो."

"किती टिकतो?"

"डोळ्याचं पातं लवायच्या आत होत्याचा नव्हता होतो."

मी कपाळाला हात लावला. पीठ लागलं. "मग एवढ्याशा जिवापायी तुम्ही एवढी जाड पुस्तकं वाचता व्हय गं?"

"पण पुढं काय होणार ते तेवढ्यातच ठरतं ना. सरळ जाणार, वळणार, का जागा बदलून बसणार."

मी त्या पिठातल्या चंद्रकोरीकडं बघत राहिले. एक हात सुटलेला, बाकीचे कुणाकुणाच्या हातात.

"म्हंजे माहेर सुटलेल्या पोरीवाणी झालं की हे," मी म्हणाले.

"आत्या, परीक्षेत असं सांगितलं तर शून्य देतात." पण ती हसली. आमच्या घरात ती दात दाखवून हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मग तिनं सहा कोनांचं एक कडं काढलं. शेजारी असं कडं असलं, म्हणाली, की तो भार एका जागी राहतच नाही. कड्यात इकडून तिकडं वाटला जातो. एकट्यावर पडत नाही म्हणून सोसतो.

"हुरड्यावाणी," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"आगटीतनं काढलेलं कणीस एकटा किती येळ धरंल? हात भाजतो, टाकून देतो. पण ह्या हातातनं त्या हातात, त्याच्या हातातनं तिसऱ्याच्या, असं फिरवलं की कुणाचाच भाजत न्हाई."

तिनं पिठातलं कडं बोटानं गिरवलं. "हो," म्हणाली, "अगदी हुरड्यासारखं."

एवढं झालं आणि मी पाणी घालून पीठ मळलं. त्या दिवशी सगळ्या घरानं कार्बन खाल्ला. मालक म्हणाले, भाकरी आज गोड लागती.

पुढं रोज शिकवणी चालली. अधिकवाला मला पक्का कळला होता. घोळ व्हायचा तो उण्याचा. त्याच्याकडं म्हणे आधीच जास्त असतं.

"जास्त असतं तर त्याला उणा का म्हणायचं?"

"तसं ठरलंय, आत्या."

"ज्याच्याकडं जास्त त्यो उणा, ज्याच्याकडं कमी त्यो अधिक. कुणी ठरवलं गं हे? तलाठ्यानं?"

तो उणा कुणाचे शेजार मागतो, किती मागतो, हे मला दर वेळी उलटंच आठवायचं. आणि मी चुकले की संजीवनीचा हात पिठातून बाहेर यायचा, डोक्यावरचा पदर घसरायचा आणि गोठ्यातला तो खणखणीत आवाज घरात यायचा: "अहो आत्या, नाही हो!"

सासूला असं बोललेलं आमच्या गल्लीत कुणी ऐकलं असतं तर चार दिवस तेच पुरलं असतं. मला मात्र गंमत वाटायची.

*

परीक्षा तोंडावर आली आणि एका दुपारी मालक मिशीला पीळ देत घरात आले.

"रविवारी आगटी पेटवायची," ते म्हणाले. "कॉलेजचे धोंगडे सर येत्यात. संगट पुण्याकडचे कुणी मोठे सर हायत. त्यांना हुरडा खायाचाय."

मालकांच्या हुरड्याचं नाव होतं. हंगाम सरला तरी आपल्या वावरात हुरडा असावा म्हणून ते एक पट्टा मागास पेरून ठेवायचे आणि तो पाखरांपासून स्वतः राखायचे. दुसऱ्याला गोफण हातात घेऊ द्यायचे नाहीत.

संजीवनीच्या हातातलं भांडं पडलं.

"ते परीक्षक आहेत, मामा," ती म्हणाली. मालकांशी ती एवढं सलग त्या दिवशी पहिल्यांदाच बोलली. "सोमवारी माझी तोंडी त्यांच्यापुढंच आहे."

"मग झ्याक झालं की! वळख हुईल."

"नको, मामा. मी घरची आहे हे सांगू नका. लोक म्हणतील, हुरडा घालून पास करून घेतलं."

मालकांचा हात मिशीवरच थांबला. ते असं काही मनात आणणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळं त्यांना जास्त लागलं. "माझ्या हुरड्यावर असला डाग?" ते म्हणाले. "न्हाई. कुणी तोंड उघडायचं न्हाई." आणि माझ्याकडं वळून, "तू तर अजिबात न्हाई."

रविवारी वावरात पाहुणे आले. धोंगडे सर गोल, घामाघूम. पुण्याकडचे कोरगावकर सर उंच, काटकुळे, डोक्यावर टोपी आणि नाकावर जाड भिंगाचा चष्मा. संजीवनी खोपीत बसली होती, ज्वारीच्या ताटांआड, लसणाची चटणी वाटत. पाट्या-वरवंट्याचा आवाज येत होता. माणूस दिसत नव्हतं.

मालकांनी आगटीच्या राखेतनं कणीस ओढून काढलं, झटकलं आणि कोरगावकरांच्या हातात दिलं. पुण्याच्या हातांना असली सवय कुठली? त्यांनी "आई गं" केलं आणि कणीस धोंगडे सरांच्या मांडीवर फेकलं. धोंगडे सर उठून नाचले.

मी उचललं आणि तळव्यात चोळून दाणे काढायला लागले. तेवढ्यात कोरगावकर म्हणाले, "धोंगडे, उद्याची मुलं कशी आहेत? पाठ करून येतात हल्ली. खोलात विचारलं की भिंत."

"बरी आहेत सर," धोंगडे चटणीची वाट बघत म्हणाले. "एक मुलगी आहे फक्त. लेखीत उत्तम, पण तोंडीला तोंडच उघडत नाही. ह्या वेळीही कठीण दिसतंय."

पाट्यावरचा वरवंटा थांबला.

मालक खोकले. माझ्या अंगाची लाही झाली. आता मी बोलायला नको होतं, हे मला कळत होतं. पण मी कोरगावकरांच्या हातात दुसरं कणीस दिलं आणि म्हणाले, "साहेब, एकट्यानं धरलं की भाजणारच. फिरवा. माझ्याकडं द्या, मी मालकांकडं देते. असं. बघा, आता कुठं भाजतंय? तुमच्या त्या कड्याजवळच्या कार्बनवाणी."

कोरगावकरांचा तोंडाकडं गेलेला हात तिथंच राहिला. "कार्बन?"

"अधिकवाला," मी म्हणाले. "त्याला शेजारी जितके, तितका त्यो टिकतो. तिन्ही बाजूंनी असले तर लईच बरं."

मालकांनी डोळे मिटले.

"अहो मावशी!" कोरगावकर खुलले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "आणि उणे भाराचा? त्याला काय लागतं?"

इथं थांबायला पाहिजे होतं. पण इतका शिकलेला माणूस आपल्याला विचारतोय म्हटल्यावर माणूस थांबत नाही. मी छाती काढून सांगितलं, "त्यालाबी तसंच की साहेब. जितके शेजारी जास्त, तितकं बरं. शेजार कुणाला नको असतो?"

खोपीतून आवाज आला, "अहो आत्या, नाही हो!"

आणि त्या आवाजामागून ती स्वतः आली. ज्वारीची ताटं बाजूला सारत, पदर खांद्यावर, दोन्ही हात चटणीनं लाल. "किती वेळा सांगितलं, उलटं आहे! त्याच्याकडं आधीच भरलेलं आहे. त्यात शेजारी आपलं आणखी सरकवायला लागले तर त्याचा जीव गुदमरतो. तिघांच्या मधला उणे भार सगळ्यांत अस्थिर, आणि नुसत्या हायड्रोजनांमधला त्यापेक्षा बरा. मात्र शेजारी कडं असलं तर गोष्ट वेगळी. तिथं ह्याचं जास्तीचं कड्यात वाटलं जातं. अधिकवाल्याची उणीव वाटली जाते, ह्याची भर वाटली जाते. म्हणून कडं दोघांनाही चालतं. हे तुम्ही परवा पाठ म्हणून दाखवलं होतंत!"

मग तिला समोर कोण बसलंय ते दिसलं. तोंड उघडं राहिलं, आवाज गेला. चटणीच्या हातानंच तिनं पदर डोक्यावर ओढला.

"ह्या कोण?" कोरगावकरांनी विचारलं.

धोंगडे सर मांडीवरची राख झटकत म्हणाले, "सर, हीच ती."

मालक उठून उभे राहिले. "माझी सून हाय. उद्या तुमच्याम्होरं उभी ऱ्हाणार हाय. तिनं सांगितलं होतं, मी घरची हाय म्हणून सांगू नका. हुरड्याचा आन् परीक्षेचा काय संबंध न्हाई, साहेब."

कोरगावकरांनी हातातल्या दाण्यांकडं बघितलं. मग त्यांनी ते तोंडात टाकले. "हुरडा खाल्ला तो खाल्ला," ते म्हणाले. "बांधून दिलेला नेणार नाही. आणि बाई, हे तुम्ही आज मला सांगितलंत, तेव्हा उद्या हे मी विचारणार नाही. दुसरं विचारीन."

ते गेल्यावर मालक विझत चाललेल्या आगटीजवळ बसले. "पोरीला नीट येत असलेला एवढा एक प्रश्न हुता," ते मला म्हणाले, "त्योबी तू हुरड्यात भाजलास."

*

सोमवारी मी तिच्याबरोबर कॉलेजात गेले. मालक म्हणाले, जाऊ नको, मी गेले. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पायरीवर बसले. आतून सडक्या अंड्यासारखा आणि दवाखान्यासारखा असा मिळून वास येत होता. एकेक पोरगं आत जायचं, बडबड ऐकू यायची, घाम पुसत बाहेर यायचं.

संजीवनी आत गेली आणि बडबड थांबली.

कोरगावकरांचा आवाज यायचा, प्रश्नासारखा वर जायचा. मग काहीच नाही. पुन्हा त्यांचा आवाज. पुन्हा काहीच नाही. माझ्या डोळ्यांपुढं माळा आला, त्याच्यावर पुस्तकं, आणि पुस्तकांशेजारी मागच्या साली चढवलेलं जुनं टोपलं.

दार उघडलं. कोरगावकर उभे होते. "मावशी, जरा आत या."

"सर," मागून धोंगडे म्हणाले, "परीक्षा चालू आहे. बाहेरच्या व्यक्तीला..."

"मावशींना गुण द्यायचे नाहीत आपल्याला, धोंगडे. त्यांना स्टूल द्या."

मी स्टुलावर बसले. पाय जमिनीला पोचेनात. संजीवनी टेबलापलीकडं उभी, नजर खाली, पायाचा अंगठा फरशीवर घासत.

"मावशी," कोरगावकर म्हणाले, "अधिकवाला झाला, उणा झाला. आता तिसरा. मुक्त मूलक. ह्याच्याजवळ एकच इलेक्ट्रॉन, सुटा, जोडीदाराशिवाय. ह्याला शेजारी लागतात का?"

हा मला कुणी शिकवलाच नव्हता. पण तोंड आहे म्हटल्यावर उत्तर द्यायला हवं. "न्हाई लागत," मी म्हणाले. "मुक्त हाय न्हवं त्यो? बैराग्याला कशाला गोतावळा?"

"अहो आत्या, नाही हो!" अंगठा थांबला. "नाव मुक्त आहे नुसतं. त्यालाही एक कमीच पडतोय ना? मग त्यालाही शेजारी हवेतच. अधिकवाल्याइतकी निकड नाही, पण क्रम तोच. तिघांमधला सगळ्यांत बरा."

"का?" कोरगावकरांनी हळूच विचारलं.

ती सांगत गेली. माझ्याकडं बघून सांगत होती. ऐकत होते ते. मी मधे मधे "असं व्हय" म्हणत होते. धोंगडे सरांनी खिशातून रुमाल काढला, पण घाम पुसायला विसरले.

"छान," कोरगावकर म्हणाले. "आता एकच. हे मात्र माझ्याकडं बघून सांगा."

त्यांनी टेबलावरची एक परीक्षानळी उचलली. तळाशी तेलासारखं दाट, पण बिनरंगी काहीतरी होतं. वरून त्यांनी चिमूटभर पांढरी पूड सोडली आणि नळी हलवली. आणि पाण्यासारखं दिसत होतं ते पिवळंधमक झालं, केशरी झाक मारणारं. हळद कालवली की पहिल्यांदा जसा रंग येतो, तसं.

"ह्या रंगात अधिकवाला कार्बन आहे," ते म्हणाले. "पापणी लवायच्या आत जाणारा. पण इथं तो तुमच्या डोळ्यांसमोर उभा आहे आणि जात नाही. का?"

संजीवनीनं मान वर केली. त्यांच्याकडं बघितलं. तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

कोरगावकरांनी नळी उजेडाकडं धरून वाट पाहिली. धोंगड्यांनी घड्याळाकडं पाहिलं. तिची नजर खाली गेली, पायाचा अंगठा पुन्हा फरशीवर घासायला लागला. कोरगावकरांनी सुस्कारा टाकला, दुसऱ्या हातानं पेन उचललं आणि पेनाचं टोपण दातानं काढलं. कागदावर टेकवायच्या आधी ते माझ्याकडं वळले, उगीच, जसं माणूस निघताना एकदा घराकडं बघतो तसं.

"मावशी, तुम्हांला काय वाटतं?"

मी नळीकडं बघितलं. संजीवनीकडं बघितलं.

"बूच लावलंय की, साहेब," मी म्हणाले. "जाईल कुठं?"

धोंगडे सर फुटले. ते असे हसले की त्यांना टेबलाला धरावं लागलं. कोरगावकरांनी नळीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"अहो आत्या, नाही हो!" संजीवनी टेबलाला वळसा घालून माझ्यापुढं आली. "बुचाचा काय संबंध? त्याच्या तिन्ही बाजूंना तीन कडी आहेत! एक नाही, तीन! तो भार एका कार्बनवर राहतच नाही, तिन्ही कड्यांत पसरतो. कुणा एकावर पडत नाही, म्हणून तो टिकतो. इतका टिकतो, की त्याचा रंग आपल्याला दिसतो." बोलता बोलता ती कधी वळली, तिला कळलं नाही. आता ती सरळ कोरगावकरांना सांगत होती. "हुरड्यासारखं, सर. एकट्यानं धरलं की हात भाजतो. हातोहात फिरवलं की कुणाचा भाजत नाही."

मी डोळे मिटून घेतले. आता शून्य देतात की काय.

पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. डोळे उघडून बघितलं, तर कोरगावकर गालात हसत होते.

बाहेर पडताना ते दारापर्यंत आले. "मावशी," म्हणाले, "बूच घट्ट होतं ना?"

"लई घट्ट, साहेब," मी म्हणाले.

*

संजीवनी पास झाली. मालकांनी पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की आपण हुरड्याचं एक कणीससुद्धा बांधून दिलं नव्हतं. पुढं तिनं बीएड केलं, शेजारच्या गावच्या हायस्कुलात लागली, आणि जन्मभर विज्ञान शिकवलं. मलाही तिनंच शिकवलं. पन्नाशी उलटल्यावर पाटी घेतली मी. म्हणाले, सीपासून सुरू कर, मला येतो. ती म्हणाली, नाही, अ पासून. एसटीची पाटी वाचून मी पहिल्यांदा पाहिजे त्या गावाला उतरले, तेव्हा स्टँडवर उभ्या उभ्या हसले.

आणि दर वर्षी तो धडा आला की ती वर्गाला ही गोष्ट सांगायची. "आमच्या आत्यांना वाटलं, बूच लावलंय म्हणून कार्बन पळत नाही!" पोरं लोळायची. ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं तिच्या वर्गात आली, तीही लोळली. बाजारात मला कुणीही ओळखायचं: बूचवाल्या आजी. मालक तर जाईपर्यंत डब्याचं झाकण लागेना की हाक मारायचे, "अगं ए, बूच लाव."

परवा तिचा सेवापूर्तीचा कार्यक्रम झाला. मांडव, माईक, शाली. तिनं भाषणात पुन्हा तेच सांगितलं. म्हणाली, त्या दिवशी आत्या एवढं साधं चुकल्या नसत्या, तर मी आज इथं नसते. सगळा मांडव मागं वळून माझ्याकडं बघून हसला. मीही हसले. कुणी तरी माझ्याही खांद्यावर शाल टाकली.

घरी येताना रिक्षात ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आत्या, रागावत नाही ना तुम्ही? दर वेळी सांगते मी."

"न्हाई गं," मी म्हणाले. "सांगत जा. चांगली हाय गोष्ट."

आता ती निवांत झाली आहे. हे मी लिहिते आहे ते तीच आधी वाचेल आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारेल, म्हणून शेवटी एवढंच लिहिते. संजीवनी, तू तेव्हा फरशीकडं बघत होतीस आणि धोंगडे सर घड्याळाकडं. कोरगावकर सरांनी ती पांढरी पूड वरून टाकली होती ना? मग ती आत कुठून गेली?

नळी उघडीच होती, पोरी. तिला बूच नव्हतंच.